चौथा बदाम

नात हैफाला विद्यापीठात इतिहास शिकत होती. सुट्टीत आमच्याकडे अश्केलोनला आली की अभ्यासाचं मला वाचून दाखवायची. ती हिब्रूत बोलायची, मला सबा, म्हणजे आजोबा, म्हणायची; मी मराठीत बोलायचो.

"सबा, जर्मनांचा सम्राट कसा ठरायचा माहीत आहे? सात जण निवडायचे. तीन मोठे धर्मगुरू, चार राजे-सरदार."

"आमच्या मुकादमासारखं," मी म्हणालो. सिनेगॉगच्या प्रमुखाला आम्ही महाराष्ट्रातून आलेले ज्यू अजून मुकादमच म्हणतो.

"तुमचा सम्राट पंख्याच्या बटणावरून भांडतो, सबा."

ती पुढे सांगत गेली. मत देण्याआधी हे सात जण उमेदवाराकडून वचनं घ्यायचे. पुष्कळदा मुद्दाम दुबळा माणूस बघायचे, म्हणजे तो कुणाच्या वाटेला जाणार नाही. मी मान डोलावत होतो.

"आणि मत तोंडाने द्यायचं, सगळ्यांसमोर."

"तोंडाने? मग कुणी कुणाला दिलं ते कळायचं?"

"कळणारच ना."

त्यानंतर माझं लक्ष लागलं नाही.

मुकादम निवडताना आमच्यात मत पिशवीत पडायचं. मलिद्याच्या ताटातला बदाम एका उमेदवाराचा, खारीक दुसऱ्याची. सात वडीलधाऱ्यांनी मूठ झाकून मखमली पिशवीत घालायची. एका वर्षी माझा जुना मित्र उभा होता, कडक शिस्तीचा. खारीक त्याची. त्याचा धाकटा भाऊ आमच्या सातांतच होता. समोरचा उमेदवार मऊ माणूस. कुणालाही नाही म्हणणं त्याला जमत नसे. किप्पूरच्या, आमच्या मोठ्या उपासाच्या, संध्याकाळी हेखालचं, म्हणजे तोरा हा धर्मग्रंथ ठेवतात त्या कपाटाचं, दार उघडायचा मान दरवर्षी मला देईन, असं त्याने कबूल केलं होतं. मित्र म्हणायचा, मान पाळीपाळीने.

मित्राला मी खारकेचा शब्द दिला, आणि बदाम टाकला. चार बदाम निघाले, तीन खारका; मित्र एका मताने पडला.

त्याच आठवड्यात दोघा भावांची घरावरून बोलाचाली झाली होती. "सख्ख्या भावानेच पाडलं," मित्र म्हणाला. धाकट्याने खारीकच टाकल्याची शपथ घेतली. मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही. पुढे वर्षानुवर्षं मी दार उघडत राहिलो आणि माझ्या पाठीमागे ते दोघे भाऊ एक या टोकाला, एक त्या टोकाला बसत राहिले.

नात हैफाला परत गेल्यावर मी दोघांना माझ्या घरी बोलावलं आणि तोंडाने सांगितलं.

"दारासाठी?" मित्राने विचारलं.

"दारासाठी."

शिव्या खायची माझी तयारी होती. पण धाकटा माझ्याकडे वळलाच नाही. "दादा," तो म्हणाला, "ह्याचं जाऊ दे. पाडलं म्हणण्याआधी तू मला विचारलं तरी होतंस का?"

जाताना धाकट्याने थोरल्याला जिन्यावर हात दिला, एवढं मी वरून पाहिलं.

मान मी सोडला. पण सिनेगॉगात काही जण अजून धाकट्याचंच नाव घेतात. त्यांच्यासाठी हे लिहिलं. चौथा बदाम माझा होता.