ऑन जगन्नाथ गुरुजींकडे आहे

चार मास्तर एकत्र आले की किस्से निघतात, आणि किस्से निघाले की चहा गार होतो. आमच्या चोपड्याच्या इंग्रजी वर्गाचे किस्से तर इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर त्याला धरून दुसरे तीन बाहेर येतात. "लिहून ठेवा हो कुणीतरी!" असं सगळेच म्हणतात. लिहीत कुणीच नाही, म्हणून मीच बसलो. खोटं काही नाही. फार तर एखाद्या ठिकाणी मीठ जरा जास्त पडलं असेल.

* * *

साठ-सत्तर सालच्या दरम्यानची गोष्ट. आम्ही सगळे प्राथमिक शिक्षक, जुनी सातवीची फायनल पास झालेले. इंग्रजीचा गंध नाही! पुढे जायचं तर बाहेरून एस.एस.सी.ला बसायचं आणि इंग्रजी काढायचं. म्हणून निवृत्त हेडमास्तर नानांच्या पाया पडलो. जागा दिली कांतिलाल शेठने, त्याच्या सरकीच्या गोडाऊनमध्ये. मुंबईच्या व्यापाऱ्यांची इंग्रजी पत्रं वाचता यावीत म्हणून तो स्वतःही वर्गात बसे.

सकाळी साडेसहाला वर्ग भरे. गोडाऊनला खिडकी नाही, दार एकच आणि तेही पूर्वेला. उजेड तिथूनच येणार, म्हणून नाना दारात उभे राहात आणि आम्ही पूर्वेकडे तोंड करून पोत्यांवर बसत असू.

पहिल्याच दिवशी नाना म्हणाले, "इंग्रजी क्रियापद एकटं असतं तेव्हा गरीब असतं. शेजारी कोण येऊन बसतं, त्यावर त्याची वागणूक बदलते. पुट म्हणजे ठेवणे. ऑन आला की कपडे घालणे. ऑफ आला की पुढे ढकलणे. आउट आला की दिवा विझवणे!"

आमचे चेहरे बघून त्यांनी पाठांतराचा नाद सोडला आणि प्रत्येकाला एकेक शब्द वाटून टाकला. मी ऑफ. जगन्नाथ गुरुजी ऑन. कन्याशाळेच्या विमलअक्का विथ. कांतिलाल फॉर. पिंपळनेरकडचे भिकाभाऊ पाटील अप. जागा ठरलेल्या, बदलायच्या नाहीत. नाना क्रियापद म्हणणार, मग एकेकाकडे बोट करणार आणि ज्याच्याकडे बोट त्यानं अर्थ सांगायचा. हजेरीसुद्धा तशीच!

"अप?"

"हजर!"

* * *

एकदा नाना म्हणाले, "पुट अप विथ." म्हणजे एका वेळी दोघं हवेत! भिकाभाऊ आणि विमलअक्का उठून नानांच्या दोन बाजूंना उभे राहिले. भिकाभाऊ नुकतेच शेतातून आलेले, अंगाला कपाशीवर फवारायच्या एंड्रिनचा असा वास की डोळे चुरचुरावेत.

"याचा अर्थ सहन करणे," नाना म्हणाले. "कुणी उदाहरण देईल?"

अक्कांनी नाकाला पदर लावला. "आणखी कसलं उदाहरण पाहिजे, नाना?"

* * *

कांतिलालला नात्यातल्या एका लग्नासाठी मारवाडात जायचं होतं. जाताना त्याने नानांना चिठ्ठी पाठवली. "तीन आठवडे नाही. माझ्या जागी धाकटा भाऊ माणक बसेल. दुकानातही तोच बसतो."

नाना खवळले. "दुकानात बदली चालते, माझ्या वर्गात नाही! अप म्हणजे अप, फॉर म्हणजे फॉर!"

पण माणक येऊन बसला तो बसलाच. गोडाऊन त्याचंच, त्याला उठवणार कोण? नानांनी तीन आठवडे त्याच्याकडे बोट केलं नाही आणि त्यानेही तोंड उघडलं नाही. फॉरची सगळी क्रियापदं बंद. लुक फॉर, म्हणजे शोधणे, तेही बंद.

त्याच दिवसांत अक्कांची छत्री हरवली. "शोधली का?" मी विचारलं.

"कशी शोधू? फॉर मारवाडात गेलाय!"

* * *

पुढे पुढे आम्ही एकमेकांची खरी नावं विसरायला लागलो. कांतिलालच्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने भिकाभाऊंच्या पत्रिकेवर घाईत पत्ता टाकला, "श्री. अप पाटील गुरुजी, चोपडा."

पोस्टमनने ती दुसऱ्या दिवशी बिनचूक नेऊन दिली.

* * *

भिकाभाऊंच्या शाळेत तपासणीला साहेब आले. साहेब नवे होते आणि इंग्रजीचे भारी शौकीन. भिकाभाऊ फळ्यावर गणित शिकवत होते, ते साहेबांना बघून थांबले. साहेब हसून म्हणाले, "कॅरी ऑन, मास्तर!"

भिकाभाऊंनी खडू खाली ठेवला. साहेब पुन्हा म्हणाले, "कॅरी ऑन!"

भिकाभाऊ घाबरले की त्यांची अहिराणी सुटे. हात जोडून म्हणाले, "साहेब, ऑन मनाकडे नही शे! ऑन जगन्नाथ गुरुजीकडे शे. मनाकडे फक्त अप शे!"

साहेबांनी शेरा काय लिहिला, ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण जाताना त्यांनी हेडमास्तरांना एवढंच विचारलं म्हणे, "हे जगन्नाथ गुरुजी कुठे असतात?"

* * *

हसत होतो सगळे, पण भिकाभाऊंचं तसं नव्हतं. त्यांची म्हातारी आई पिंपळनेरला एकटी. डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालेलं, आणि गाव सोडून चोपड्याला यायला ती तयार नाही. पिंपळनेरच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवायला मास्तर हवा होता. इंग्रजी सुटलं तर भिकाभाऊंची तिकडे बदली नक्की. दोनदा ते नापास झालेले.

एकदा सायकलमध्ये हवा भरता भरता म्हणाले, "मागच्या खेपेला घरी गेलो, तर तिने आवाजावरून ओळखलं. आधी चेहऱ्यावरून ओळखायची." मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या हातातला पंप घेतला.

* * *

परीक्षेचं केंद्र जळगावला. इंग्रजीच्या पेपराला भिकाभाऊ माझ्या पुढे दोन बाकांवर. दहा रिकाम्या जागा भरायच्या होत्या, सगळ्या नानांच्या वर्गातल्या! मी खूश होऊन वर पाहिलं, तर भिकाभाऊ डोळे मिटून बसलेले. मग त्यांनी डावीकडे बोट केलं. मान हलवली. मागे बोट केलं. पुन्हा मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

सुपरवायझर धावत आले. "काय चाललंय? कुणाला खुणा करता?"

"कोणलेच नही, साहेब. वर्ग भरावी ऱ्हायनू!"

"उठा! त्या भिंतीकडे तोंड करून एकटे बसा!"

भिकाभाऊंनी भिंतीकडे पाहिलं. ती पश्चिमेची होती. त्यांचा चेहरा पडला. हात जोडून म्हणाले, "बसतो साहेब. पण तोंड तेवढं पूर्वेला राहू द्या. मी पाया पडतो."

सुपरवायझर विरघळले. त्यांना वाटलं, काही नेम असेल! त्यांनी स्वतः बाक फिरवून दिला आणि पेपर संपेपर्यंत त्या बाजूला चपला वाजवत फिरकलेही नाहीत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय हो हे?"

"अहो, मला येतं काय? एक अप! म्हणून तुम्हा सगळ्यांना जागेवर बसवलं आणि नानांसारखं बोट करत गेलो. ज्याचं तोंड उघडलं, त्याचा शब्द लिहिला. तोंड फिरवलं असतं तर तुम्ही सगळे इकडचे तिकडे झाले असते."

"मग दहाही उत्तरं आली?"

"नऊ. फॉरच्या जागेवर सारखा माणक दिसे. आणि तो तर बोलायचाच नाही!"

* * *

भिकाभाऊ पास झाले. बदलीही झाली. पुढच्या वर्षी मी आणि नाना त्यांना भेटायला पिंपळनेरला गेलो. शाळा सुरू होती, म्हणून आम्ही मागच्या दाराशी उभे राहिलो. पाचवीचा वर्ग. सगळी पोरं पूर्वेकडे तोंड करून बसलेली! ओसरीच्या खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. डोळे मिटलेले, तोंड वर्गाच्या आवाजाकडे. घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून भिकाभाऊ आईला रोज शाळेत आणत.

हजेरी चालू होती.

"ऑन?"

"हजर!"

"ऑफ?"

"हजर!"

"अप?"

कुणी बोललं नाही. अपचं पोरगं त्या दिवशी कापूस वेचायला गेलेलं.

"अप?"

ओसरीवरून म्हातारी खणखणीत ओरडली, "हाजर शे!"

पोरं हसली. भिकाभाऊंनी मान वर केली, तेव्हा त्यांना दारातले नाना दिसले. हातातली पेन्सिल तशीच राहिली. वर्गात बदली चालत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

नानांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला.

"हजेरी मांडा," ते म्हणाले. "अप आलेत."