गार्डमामांची लाज

चोर सापडला की पकडणाऱ्यानेच लाजायचं, ही रीत मी फक्त आमच्या गार्डमामांकडे पाहिली. गोव्यात आमच्या लाटंबार्शाच्या वरच्या अंगाला सरकारी जंगल आहे, तिथे ते राखणीला होते. त्या जंगलातल्या एका उतारावर मातीखाली स्फटिक सापडतात. लोहखनिजाच्या खाणी बंद पडून आमच्या नवऱ्यांचे ट्रक दारात उभे राहिले, तेव्हा आम्ही बायका ते चोरून खणायला लागलो. पेडण्याच्या किनाऱ्यावरचे दुकानदार ते घ्यायचे आणि गोऱ्या पाहुण्यांना गळ्यात घालायला विकायचे. मामा समोर आले की आम्हाला पाहून त्यांचेच कान लाल व्हायचे. ते पाठ करून उभे राहायचे आणि झाडाशी बोलायचे, "औंदा पालवी बरी फुटली हां!" तेवढ्यात कुदळी झुडपात टाकून, लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन आम्ही वाटेला लागलेल्या असायचो.

"मामा, आमकां पकडनात कित्याक?" सावित्रीवहिनीने एकदा तोंडावर विचारलंच. ती आमच्यात वयाने मोठी आणि जिभेने त्याहून मोठी.

"पकडून खंय जाव? सांजेक तुझ्याच घोवाबरोबर भजनाक बसूचां आसा माका," मामा म्हणाले. तेही झाडाकडे बघत.

मग सरकारने परवाने दिले, आणि आमच्यापेक्षा मामाच जास्त खूश झाले. आता ते आमच्या तोंडाकडे बघून बोलू लागले. खणायचं ते नेमून दिलेल्या उतारावरच, हाताने, मशीन लावायचं नाही, खड्डा गुडघ्यापेक्षा खोल नको आणि घरी जाताना तो बुजवायचा, असे नियम होते. मामा स्वतः खड्ड्यात उतरून माप घ्यायचे. ते होते बुटके. "मामा, तुमचो गुडघो म्हणजे आमची पोटरी!" म्हणून आम्ही भांडायचो. "सरकारान गुडघो कोणाचो तां सांगूक नाय. मी सरकारचो, म्हणजे गुडघो माझोच," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

खड्डा बुजवण्याच्या बाबतीत मात्र थट्टा चालायची नाही. "घरातली चूल तशीच टाकून येवा, पण खड्डो उघडो टाकू नुकात. गोरवाचो पाय मोडता," असं ते रोज सांगायचे. कुणाची कंबर धरली असली, तर तिच्या हातातलं फावडं घेऊन स्वतः माती ओढायचे. हा माणूस सरकारचा की आमचा, असं बाहेरच्या माणसाला वाटलं असतं. आम्हाला कधी वाटलं नाही.

पुढच्या वर्षी शिगम्याच्या सुट्टीत एका दुपारी उतारावर जेसीबी चढला. आम्ही काहीजणी खाली खड्डे बुजवत होतो. ड्रायव्हरच्या बाजूला मामांचा सख्खा भाचा बसला होता, मामांनीच लहानाचा मोठा केलेला. कुणा व्यापाऱ्याने त्याला पुढे केलं होतं. मामा धावत जाऊन मशीनच्या पुढ्यात उभे राहिले. भाचा वरूनच म्हणाला, "मामा, बायलांक पाठ करतास, आज माकाय करा."

आणि मामांनी बाजूला होऊन पाठ केली. उतार उलटापालटा होईपर्यंत ते तसेच उभे होते. नंतर खाली येऊन त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला, तो माझ्याकडे न बघताच त्यांनी घेतला.

चौकशीला साहेब आले ते देवळाच्या मंडपात बसले. मशीन चढलं तेव्हा मामा उतारावर हजर होते असं ठरलं, तर ते अडवलं नाही म्हणून निवृत्तीच्या तोंडावर त्यांची नोकरी जाणार होती. ते हजर नव्हते असं ठरलं, तर मशीन परवानेवाल्यांनीच आणलं असं धरून आमचे परवाने रद्द होणार होते. साहेबांनी ते आधीच निरोप धाडून स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही आदल्या दिवशीच विहिरीवर ठरवून टाकलं. परवाने गेले तर गेले, पण मामांचं की त्यांच्या भाच्याचं नाव काढायचं नाही.

"मामा त्या दिसा तापान फणफणले होते. घराकच होते," सावित्रीवहिनी देवासमोर उभी राहून म्हणाली. तिच्या मागोमाग मीही तेच म्हणाले. मला तेव्हा आमचा अभिमानच वाटला.

खांबाला टेकलेले मामा पुढे आले. "सायबा, ताप-बीप काय नाय. मी थंयच होतंय. मशीन हाडलां तां माझ्या भाच्यान, आणि मी पाठ करून उबो रवलंय." बोलताना त्यांची मान खाली होती. त्यांची बहीण मंडपातून उठून गेली, ती पुन्हा त्यांच्या दारात आली नाही.

मामांची नोकरी गेली आणि आमचे परवाने राहिले. मामा पेडण्याकडच्या तुये गावात मुलीकडे राहायला गेले.

पाऊस सरून खणणं पुन्हा सुरू होणार होतं. पहिल्या दिवशी उतारावर नारळ मामांच्या हातून फोडायचा, असं आम्ही ठरवलं. बोलावणं करायला मीच गेले. मुलगी कारखान्यात कामाला गेली होती. मामांनी स्वतः चहा केला, पावाच्या ताटलीसकट पुढ्यात ठेवला. माझं सगळं ऐकून घेतलं.

"नोकरी गेली ती माझ्या करणीन," ते म्हणाले. "तेची लाज सोसूक येता. पण तुमी बायलांनी माझ्यासाठी आपल्याच पोटार पाय दिल्यात, आणि देवासमोर खोटां सांगल्यात. माझ्यापायी. ती लाज घेवन मी थंय कसो चढू, सांग."

आम्ही त्यांच्यावर माया केली, एवढंच मला तोवर माहीत होतं. त्या मायेखाली हा माणूस रोज मान खाली घालून जेवत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. मला तिथे बसवेना. ‘मामा, आमचं चुकलं’ हे शब्द ओठांवर आले होते, पण ते ऐकून त्यांची मान आणखीच खाली गेली असती.

मी म्हटलं, "येतंय, मामा," आणि उठले.