अक्कांची चटई

अक्का दवाखान्यात शिरल्या की आधी पेशंटकडे पाहायच्याच नाहीत, पंख्याकडे पाहायच्या. मान वर करून, डोळे मिटून, थोडा वेळ ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या, "हा रात्रभर बोलणार. खाट तिकडे ओढा." खाट ओढली जाईपर्यंत पेशंटने मरायचंसुद्धा नाही, असा त्यांचा चेहरा असे.

अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत या अक्का होत्या. मी लग्न होऊन बेळगावहून इथे आले, तेव्हा त्या शाळेतल्या शिवणाच्या बाई म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. गल्लीत कोणालाही दवाखान्यात ठेवलं की रात्री सोबतीला अक्का जाणार, हे ठरलेलंच होतं. घरच्यांना तर कोणी विचारतच नसे.

सोबतीचं सामानही ठरलेलं. कोरै गवताची गुंडाळलेली चटई, विणलेला हातपंखा, कॉफीचा फ्लास्क आणि पाण्याचा कूजा. त्या वर्षांत गावात नवी नवी नर्सिंग होम निघत होती, लिफ्टवाली, चकचकीत फरशीची, खाली दुकानात पाण्याच्या सीलबंद बाटल्या विकणारी. अक्का त्या बाटलीकडे पाहून म्हणायच्या, "पाण्याला झाकण लावून विकतात, उद्या वाऱ्याला लावतील." आणि कूजा घेऊन लिफ्ट सोडून जिन्याने वर.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी अक्का पेशंटला घरी जाऊन तयार करायच्या. "बांगड्या काढून ठेव. वेणी दोन घाल, एक घातलीस तर पाठीखाली टोचते. झोप येणार नाही, आली तर सिस्टर उठवून विचारेल, झोप लागली का म्हणून. डॉक्टर 'येतोच' म्हणाले की समज, ते अजून घरी अंघोळीला आहेत. आणि ऑपरेशनच्या आधी पाण्याचा घोट नक्को, नाहीतर अस्की पुढे ढकलतात. भ्यायचं नक्को. मी खाली आहे."

अस्की म्हणजे इथल्या मराठीत सगळं, आणि खाली म्हणजे खाटेखाली, चटईवर. माझ्या बाळंतपणात मी त्या वाक्यावर दोन रात्री काढल्या. माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी तर पहाटे त्यांनी गुपचूप कॉफी मागितली, तेव्हा अक्कांनी फ्लास्क उशीसारखा डोक्याखाली घेतला होता.

मग एका वर्षी अक्कांच्याच पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे. डॉक्टर स्पष्ट बोलले, पुन्हा असा जोर आला आणि आत फुटलं तर हाती काही राहणार नाही, लगेच काढून टाका. अक्का "सरि, सरि", बरं बरं, म्हणाल्या आणि घरी येऊन वाळवणाचे वडाम घालायला बसल्या. वडाम झाले, मग लिंबाचं लोणचं. मग कोणाच्या तरी नातीचं बारसं पापनाशमला. मधेच दुखायचं, तेव्हा भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, घाम पुसायच्या आणि म्हणायच्या, "वायू आहे." शेवटी मीच ऑफिसात रजा टाकली आणि रिक्षा दारात आणून उभी केली.

दवाखान्यात पिशवी उघडली. चटई, हातपंखा, फ्लास्क, कूजा. नेसायला एक साडी नाही. बाई सोबतीचं सामान घेऊन स्वतःच्या ऑपरेशनला आल्या होत्या.

सिस्टरने तमिळमध्ये विचारलं, पेशंट कोण? अक्कांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. मी ते बोट धरून परत त्यांच्याकडे वळवलं. सिस्टर हसली, पण अक्का हसल्या नाहीत.

रात्री खाटेवर त्या काही आडव्या होईनात. "गादी मज टोचते. तू दिवसभर दमलीस, तू पड जरा. मज चटईची सवय." मी म्हटलं, पाच मिनिटं पडते. आणि पडले.

जाग आली ती दंडाला थंडगार स्पिरिट लागलं तेव्हा. उजाडत होतं. सिस्टर इंजेक्शन हातात धरून माझ्यावर वाकली होती. मी ताडकन उठून म्हटलं, "मी नव्हे, सिस्टर. पेशंट खाली आहे." आम्ही दोघींनी वाकून पाहिलं. अक्का चटईवर ताठ बसल्या होत्या, नीट दोन वेण्या घातलेल्या, मांडीवर फ्लास्क, हातात वाफाळत्या कॉफीचा पेला. ओठांच्या अगदी जवळ.

चुकून म्हणावं तर ही चूक त्या कशा करतील? गल्लीतल्या सगळ्यांचा उपास ज्यांनी राखला, त्यांना एका घोटाने काय होतं ते माहीत नव्हतं थोडंच.

मी पेला काढून घेतला. सिस्टरला म्हटलं, दोन मिनिटं द्या. ती गेल्यावर अक्का जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "मज भय वाटतं, पोरी. तुम्हां अस्कींना उठल्यावर मी दिसत होते. मज कोण दिसणार?"

मला रडू आलं आणि रागही आला. मी ती कॉफी त्यांच्यासमोर उभ्याने पिऊन टाकली. साखर कमी होती. मग म्हटलं, "मी दिसेन. आता उठा आणि खाटेवर चढा."

त्या चढल्या. ऑपरेशन नीट झालं. दुपारी त्यांनी डोळे उघडले तेव्हा खोलीत मी होतेच, शिवाय निम्मी गल्ली होती, नियम मोडून, प्रत्येकीच्या हातात आपापली कंजी, तांदळाची पेज. अक्कांनी एकेकीवरून नजर फिरवली. डोळे भरून आले होते, पण बोलल्या ते असं, "एकजणीने राहा. बाकी अस्की घरी जा. दवाखाना आहे की लग्नमंडप?"

त्या रात्री चटईवर मी होते. खाटेवरून त्यांचा हात खाली आला, अंधारात चाचपडला, माझं डोकं लागलं तसा थांबला. झोप लागल्यावरही तो तिथेच होता.

पुढे बरीच वर्षं त्या पुन्हा लोकांच्या सोबतीला जात राहिल्या. आणि गेल्या त्या एका दुपारी, स्वतःच्या घरी, रसमभात जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. गल्लीत घराघरात त्यांच्यासाठी जागायला माणूस तयार होतं. आमच्यात तर पाळ्यासुद्धा ठरल्या होत्या, पहिली माझी. सगळे म्हणतात, असं मरण नशिबाने मिळतं. मीही मान हलवते. पण खरं सांगू, मला त्यांचा अजून राग येतो.