आम्ही म्हणजे कोण कोण

या, जवळ सरकून बसा बघू. इतक्या दिवसांनी आलात आणि दारातल्या खुर्चीवर टेकलात? साथ कधीच सरली, आता कुणी अंतर मोजत नाही हो. मोजणारा एकच होता, माझ्या जावेचा भाऊ. माणसांची इतकी काळजी वाहणारा आणि त्याच काळजीने माणसांना जेरीस आणणारा दुसरा कुणी आमच्या ह्या अख्ख्या बसवनगुडीत झाला नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

तेव्हा तो आमच्या माडीवर राहायचा. बेळगावहून नवाच आलेला, बिनलग्नाचा, पन्नाशीला टेकलेला, काम कॉम्प्युटरवर माहितीचे ढीग उपसण्याचं. साथ आली, सगळे घरात बसले, आणि ह्याने आमच्या भागाचा नकाशा करायला घेतला. कुठे म्हातारं माणूस आहे, कुणाला साखर, कुणाला दमा, कोण एकटं, हे फोनवर विचारायचं आणि घराला रंग द्यायचा. लाल घराचं दार गल्लीतलं कुणीतरी रोज वाजवणार. पिवळ्याला अधूनमधून फोन. हिरव्याने आपलं आपण बघावं. पुढे पुढे ह्याला माणसं नावाने आठवेनाशी झाली. "अक्का, त्या लाल आजी बऱ्या आहेत ना?" असं विचारायचा!

मलाही सोडलं नाही त्याने. "साखर आहे?"

म्हटलं, "स्वल्प." इथे थोडंला स्वल्पच म्हणतात.

"स्वल्प असा रकाना नाही, अक्का. आहे किंवा नाही. दम लागतो?"

"जिना चढला तर स्वल्प."

झालं, केलं मला लाल! मी अबोला धरला. मग न राहवून म्हटलं, "निदान केशरी तरी कर रे." तर म्हणे, "इथे घासाघीस नाही." रोज खाली येऊन दार वाजवायचा, आणि मी आतून "आहे रे बाबा, आहे!" असं ओरडल्याशिवाय हलायचा नाही.

कोपऱ्यावर एक काकी राहायच्या. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, कानडी मुलखातल्या मराठी. यजमान जाऊन वर्षं लोटली, पण त्यांच्या तोंडी 'मी' कधी आला नाही. "आम्ही जेवलो", "आम्ही लवकर झोपतो." बाईने मी-मी करू नये, असं त्या काळी शिकवायचेच. ह्याने फोनवर विचारलं, "घरी कोण असतं?" त्या म्हणाल्या, "आम्ही आहोत की." ह्याने धरलं, नवरा-बायको. घर पिवळं.

काकींना ताप आला तो कुणाला कळलाच नाही. दाराशी दुधाच्या पिशव्या फुगलेल्या दिसल्या तेव्हा धावाधाव झाली. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. काकी परत आल्या नाहीत.

त्यानंतर हा रंगाने बोलायचा थांबला. पुन्हा घरोघर फोन लावले, आणि एकच प्रश्न, "आम्ही म्हणजे कोण कोण? नावं सांगा." लोक वैतागायचे. एका आजोबांनी रागारागाने मांजराचंसुद्धा नाव सांगितलं. ह्याने तेही लिहून घेतलं. काकींचं घर त्याने तेव्हा लाल केलं, ते त्याच्या नकाशात अजून लाल आहे. तिथे आता नवं जोडपं राहतं, दिवसभर गाणी लावतात. मी म्हटलं, "बदल की रे आता." म्हणाला, "असू दे, अक्का."

मग ऑफिस उघडलं, रोजचा प्रवास झेपेना, गेला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला. कुठल्याशा उंच इमारतीत राहतो. परवा मीच फोन केला, "कसा आहेस रे?"

"आम्ही मजेत आहोत, अक्का."

म्हटलं, "आम्ही म्हणजे कोण कोण? नावं सांग बघू."

"सरी, बरं अक्का, ठेवतो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवलासुद्धा.

तुम्ही तिकडेच राहता ना? मग आता असा उशीर लावू नका, येत्या रविवारीच या, आणि त्याला घेऊन या. फोन करून विचाराल तर नको म्हणेल. सरळ जा आणि दार वाजवा.