तयार रीड

माझ्या उजव्या अंगठ्यावर एक जुना घट्टा आहे. ऑफिसातल्या एका बाईने एकदा विचारलं होतं, "भांडी फार घासता का हो?" मी हो म्हटलं. क्लॅरिनेट म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, काय काय वाजवता? आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत मी रोज क्लॅरिनेट फुंकलं, आणि मला एकही गाणं येत नव्हतं.

बाबा बँडमध्ये होते. गिरणी बंद पडल्यावर दिवसा घाटकोपरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम आणि लग्नसराईत संध्याकाळी वराती. लाल कोट, पिवळ्या झालरीची टोपी. वरातीतली गाणी ठरलेली असायची. सुरुवातीला गणपतीचं काहीतरी, मग नवऱ्याचे मित्र रंगात आले की सिनेमातली, आणि एखादा रुमाल दातात धरून रस्त्यावर लोळायला लागला की नागाची धून. हे सगळं बाबा तोंड वाकडं करून वाजवायचे. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, पाठवणी. नवरी हॉलच्या दारातून निघाली की ताशे थांबायचे आणि बाबा एकटे पुढे येऊन भैरवीतली एक धून वाजवायचे. ती त्यांनी कोणाकडून घेतली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लोक त्या धुनेसाठी आमच्या बँडला बोलवायचे. नवरीकडच्या बायकांना रडायला तेवढंच निमित्त लागायचं, हेही खरं.

मला ती वाजवायची होती. बाकी काही नको होतं. बाबांसमोर उभं राहून ती धून एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

बाबांनी आधी माझ्या भावाला बसवलं होतं. त्याने चार दिवस नुसत्या किंकाळ्या काढल्या. मग एका रविवारी बाबांनी मला उजेडात उभं केलं, माझा खालचा ओठ बोटाने ओढून दात बघितले आणि म्हणाले, "हिला जमेल." बाबांच्या आणि माझ्या, दोघांच्याही खालच्या दातांत मधला एक आडवा आहे. आईने मला लगेच गूळ-खोबरं दिलं. चाळीत बातमी पसरली की बँडवाल्यांची पोरगी शिकतेय. मी तर आठवडाभर जमिनीवर चालतच नव्हते.

क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची एक पातळ पट्टी बांधलेली असते, बोटाएवढी. तीच रीड. आवाज तिच्यातून येतो. बाबा दहा रिडींचा डबा आणायचे आणि प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलने आकडा टाकायचे, एक ते दहा. शाळेतून आले की मी एकेक रीड पाण्यात भिजवायची, बांधायची आणि खालच्या सप्तकात लांब सूर धरायचा. एका श्वासात एक सूर. प्रत्येक रीड दहा मिनिटं, वर जायचं नाही, जोर करायचा नाही. मग पुसून काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवायची आणि दुसरी घ्यायची. संध्याकाळी बाबा पायरीवर चपला काढतानाच ऐकायचे. "पाच नंबर अजून कच्ची आहे," बाहेरूनच सांगायचे. दोन आठवड्यांनी एखादी रीड मऊ पडायची, फुंकर घातली की आवाज आपसूक यायचा, लोण्यात सुरी जावी तसा. अगदी त्याच दिवशी बाबा खाटेवर बसल्या बसल्या हात पुढे करायचे. "झाली ही. आण." मी सोडवून द्यायची. ती त्यांच्या पेटीत जायची आणि माझ्या हातात पुन्हा कच्ची यायची.

"बाबा, गाणं कधी?"

"तोंड बसू दे आधी."

तोंड बसत राहिलं. मी दहावी झाले, बारावी झाले, विमा कंपनीत नोकरीला लागले. कधी चोरून पाठवणीच्या पहिल्या चार सुरांवर बोटं टाकून बघितली, तर स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "बाबांनी सांगितलंय तेवढंच कर." मला वाटायचं, मोठी विद्या अशीच मिळते. माझी मैत्रीण सहा महिन्यांत हार्मोनियमवर दोन भजनं वाजवायला लागली, तेव्हा मी तिच्याकडे जरा कीव करूनच बघितलं होतं. काय तोरा होता माझा.

माझ्या लग्नाआधी बाबांनी दोन डबे आणले. हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत मी सूर धरत होते. आत्या चिडली, "अरे, नवरीचे ओठ सुजलेत." बाबा म्हणाले, "दोन दिवसांत उतरतील." पाठवणीच्या वेळी वडील लेकीजवळ असतात. माझे वडील लाल कोट घालून बँडच्या पुढे उभे होते. मी दारात आले आणि त्यांनी ती धून सुरू केली. असं त्यांनी आधी कधीच वाजवलं नव्हतं, सगळे म्हणाले. सासरची माणसंसुद्धा रडली. मी रडले नाही. पहिल्या सुरालाच मी ओळखलं होतं, ही दुसऱ्या डब्यातली सात नंबर. माझ्या लग्नात माझी रीड वाजतेय या आनंदात मी नवऱ्याच्या पाठोपाठ गाडीत बसले. तेव्हा तो आनंदच होता, हे आज जास्त झोंबतं.

मग वाजवणं सुटलं. सासरी वाद्य नव्हतं आणि असतं तरी वाजवणार काय होते? आई गेली, भाऊ बदलापूरला राहायला गेला आणि बाबा माझ्याकडे मुलुंडला आले. सोबत एक ट्रंक आणि क्लॅरिनेटची पेटी. त्यांचे दात केव्हाच पडलेत. कवळी लावून क्लॅरिनेट वाजवता येत नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, कवळी हलली, मग त्यांनी पेटी माझ्या कपाटावर ठेवून दिली.

मी नोकरी वेळेआधीच सोडली आणि पार्ल्याला एका क्लासात नाव घातलं. शिकवणारा माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. मी त्याला सर म्हणते, तो मला ताई म्हणतो. पहिल्या रविवारी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी आणि तिथून रिक्षा करून गेले. मांडीवर पेटी. सर म्हणाले, एक सूर लावा. मी लावला. ते फोनमध्ये काहीतरी बघत होते, त्यांनी फोन खाली ठेवला. सूर संपल्यावर म्हणाले, "परत." मी परत लावला. "ताई, हा टोन कुठून आणलात? मला नाही जमत असा." त्या क्षणी मला अकरा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. मग ते म्हणाले, "आता भूप वाजवा, साधा आरोह-अवरोह." माझी बोटं तिसऱ्या सुराला अडखळली. सहाव्याला थांबली.

त्यांना कळेना. माझा रियाज काय असायचा ते विचारलं. मी सांगितलं. दहा रिडी, पेन्सिलचे आकडे, दहा-दहा मिनिटं, फक्त खालचे सूर, आणि चांगली झाली की बाबांकडे.

सर हसले. वाईट मनाने नाही. "म्हणजे तुम्ही रीड तयार करत होता, ताई. नवीन रीड एकदम वाजवली तर मरते, हळूहळू तयार करावी लागते. पण ती ज्याची त्याने करायची असते. ज्याच्या ओठाखाली तयार होते त्यालाच बसते." मग काहीतरी आठवून म्हणाले, "तुमच्या वडिलांना कशी बसायची?"

मी माझ्या आडव्या दातावरून जीभ फिरवली. म्हटलं, "बसायची."

त्या दिवशी मी रिक्षा केली नाही. पेटी घेऊन पार्ल्याहून अंधेरीपर्यंत चालत गेले. रागाने पाय थांबत नव्हते. एक-दोन नव्हे, तेरा वर्षं. मला निवडलं म्हणून मी नाचले होते आणि त्यांनी बघितला होता माझा जबडा.

बाबा जेवत होते. भाकरी आमटीत कुस्करून लागते त्यांना आता. मी हातपाय न धुताच समोर बसले.

"बाबा, तुम्ही मला वाजवायला शिकवत होतात की माझ्याकडून रिडी तयार करून घेत होतात?"

त्यांनी घास गिळला. "रिडी."

एवढं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

"दिवसभर उभं राहून पॅकिंग, वर चार-चार तास वरात. माझ्या तोंडाची वाट लागलेली असायची. नव्या रिडीवर कोण बसणार होतं, गो? आणि कच्च्या रिडीवर पाठवणी होते काय?"

"मग मला तसं सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू केलं असतंस?"

मी केलं असतं. अकराव्या वर्षी बाबांनी म्हटलं असतं, माझं तोंड दुखतं, मला मदत कर, तर मी शाळा बुडवून केलं असतं. हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि आताही नाही. त्यांनी आमटी आणखी मागितली, मी वाढली.

"आणि शिकून करणार काय होतीस? बाईला कोण वरातीत उभी करतं?" थोड्या वेळाने ते म्हणाले. यात त्यांना दुःखही नव्हतं. हवामान सांगावं तसं सांगितलं.

मी क्लास सोडला नाही. नवा डबा आणला. पेन्सिलने आकडे टाकले, हाताला सवयच ती. रोज संध्याकाळी हॉलमध्ये बसून आधी लांब सूर, मग भूप, मग सरांनी लिहून दिलेली पाठवणीची धून. ती मी त्यांना गाऊन दाखवली होती. बोटं पन्नाशीची आहेत, ऐकत नाहीत. चौथ्या ओळीत रोज घसरते. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज येतो, "चुकलं." बरोबर असतं त्यांचं.

परवा तीन नंबरची रीड तयार झाली. पहिल्याच फुंकरीला समजलं. ओठाला कसलाच अडसर नाही, आवाज आपसूक. बाबा काठी टेकत बाहेर आले, समोर खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून ऐकायला लागले. सूर संपला तसा त्यांनी हात पुढे केला.

"झाली ही. आण."

तोंडात दात नाहीत, कवळी आत वाटीत ठेवलेली. आणि हात पुढे. माझी बोटं रीड आवळणाऱ्या स्क्रूवर गेलीच. एक आटा मी सैलही केला, इतकी मी शहाणी मुलगी. मग तो पुन्हा घट्ट केला आणि पाठवणी सुरू केली. चौथ्या ओळीत घसरले, थांबले नाही, तशीच चुकत चुकत शेवटपर्यंत गेले.

डोळे वर केले तेव्हा बाबांचा हात तसाच पुढे होता.