पटकथेत न बसलेला बांध

ऑफिसात मला लेखिका म्हणतात, पण माझं खरं काम लोकांना ठरल्या वाटेने न्यायचं. सिल्व्हर पार्कला एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमची छोटी गेम कंपनी आहे. आमचा ऑनलाइन खेळ शेकडो लोक एकाच वेळी, एकाच गावात खेळतात. खाडीकाठचं गाव, मिठागरं, भातखाचरं आणि भरतीचं पाणी अडवणारा मातीचा बांध. हे गाव मी आमच्या खारी गावावरून उचललंय, म्हणजे इमारती उगवण्याआधीच्या, पप्पांकडून ऐकलेल्या खारीवरून.

पहिल्या प्रकरणाचा शेवट मी असा लिहिला होता: उधाण येतं, बांध फुटतो, गाव पळतं आणि होड्यांत बसतं. पुढे दुसरं प्रकरण. त्यासाठी होड्या, बुडालेलं देऊळ, रडणाऱ्या बायकांचे आवाज, सगळं तयार होतं. फक्त सुरुवातीला खेळाडूंच्या हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी त्यांना घमेली दिली होती, अंगणात माती टाकायला. ती माती बांधावरही टाकता येईल, एवढं काही माझं डोकं चाललं नाही.

चाचणीला बोलावलेल्या खेळाडूंना बांधाला तडा गेलेला दिसला आणि सगळे घमेली घेऊन तिकडे धावले. पळायची वाट मोकळी होती, संगीतही चांगलं रडकं लावलं होतं, तरी एकही जण हलेना. माती पडत राहिली, बांध चांगला हातभर उंच झाला. तरीही तो ठरल्या मिनिटाला फुटला, कारण मी तसं लिहिलं होतं. खेळाडूंनी आम्हाला शेलक्या शिव्या लिहून पाठवल्या.

घरी जाऊन मी पप्पांना चाचणीचं रेकॉर्डिंग दाखवलं. शेतं बिल्डरकडे जाईपर्यंत त्यांनी खाचरातच आयुष्य काढलं.

"गाव पलतं, असं तू लिवलंस?" त्यांनी विचारलं. "आमच्यात बांधाला भगदाड परलं का घरटी एक मानूस माती टाकाला जायचा. पलनारा कोनी न्हाय."

मला लाज वाटली. ज्यांनी कधी खाडीसुद्धा पाहिली नसेल त्यांना जे सुचलं, ते खारीच्या मुलीला सुचू नये!

दुसऱ्या दिवशी सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, बोलावलं. "सुन, लोकांना वाटतं आपल्याला मोकळीक पाहिजे. असल में त्यांना स्टोरी पाहिजे. माती टाकू दे, पण ती विरघळली पाहिजे. तेवढं बदल."

सर अगदीच चूक नव्हते. नुसतं मोकळं सोडलं तर अर्धे खेळाडू कोंबड्यांमागे धावत बसतात, हे मी पाहिलंय. पण हातात घमेलं द्यायचं आणि आत खोटी माती भरायची, ह्याला मी गोष्ट म्हणणार नाही. ही चक्क फसवणूक.

"मी नाही करणार, सर."

"मग दुसरं कोणी करेल."

"करू दे. माझी खुर्चीही त्यालाच द्या."

दोन दिवस आमचा अबोला होता. तिसऱ्या दिवशी मीच गेले, पण नमतं घ्यायला नाही. म्हटलं, उधाण मी आणते, पाण्याला खरा जोर देते आणि मातीलाही. बांध राहिला तर राहिला, फुटला तर फुटला, पुढचं दोन्हीकडून लिहायची जबाबदारी माझी. खेळाडू कंटाळून निघून गेले तर मीही जाते. सर म्हणाले, "लिहून दे." मी तिथेच लिहून दिलं.

रविवारी दुपारी खेळ सगळ्यांसाठी उघडला. बांध तासभर टिकला. मग एका टोकाला माणसं कमी पडली आणि तिथून पाणी घुसलं. त्या टोकाला किती जण उरलेत ते मी मोजू लागले.

सर मात्र खूश. "फुटला ना शेवटी! चल, होड्या सोड."

मी सोडल्या. होड्या देवळापाशी येऊन लागल्या आणि रिकाम्याच डुलत राहिल्या. खेळाडू कंबरभर पाण्यात रांग लावून एकमेकांकडे घमेली देत होते. कोणी तरी मागच्यांना ओरडून सांगत होतं, मिठागरातली माती आणा, ती चिकट आहे. असं मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. रांग वाढतच चालली होती.

"आता आपलं दुसरं प्रकरण कोण खेळणार?" सरांनी विचारलं.

"ते खेळायला लागलेत, सर," मी म्हटलं. "आता आपण त्यांच्यामागून लिहायचं."