विडी सोडल्याचा कागद

एका परदेशी कंपनीनं मला दुभाषी म्हणून घेतलं, त्याचं खरं कारण माझी आई होती. आईनं सोलापूरच्या पूर्व भागात तीसेक वर्षं विड्या वळल्या. त्याच विड्यांवर मी इंग्रजीत एम.ए. केलं आणि घराजवळ स्पोकन इंग्लिशचे क्लासेस सुरू केले. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि पोटापाण्यासाठी इंग्रजी, अशी माझी विभागणी. विडी वळणाऱ्या बायका परक्या माणसाला दारात उभं करत नाहीत, पण मी त्यांच्यातलीच होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या शेठना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांची मुलगी माझ्या क्लासला यायची. त्यांनीच मला फोन केला.

कंपनी युरोपातली होती. हॉटेलांसाठी बाथरोब आणि लहान मुलांसाठी टोपीचे टॉवेल विकायची. तिथलं सरकार आपल्या कंपन्यांना गरीब देशांत धंदा सुरू करायला पैसे देतं. निम्मा खर्च कंपनीचा, निम्मा सरकारचा. अट एकच, की त्या धंद्यानं त्या गरीब देशातल्या माणसांचं आयुष्य सुधारलं पाहिजे. कुणाचं सुधारायचं हे कंपनीनं शोधायचं. त्यांनी शोधल्या विडीवाल्या बायका.

कंपनीचा मॅनेजर चाळिशीचा, उंच, हसरा माणूस होता. शेठच्या ऑफिसात त्यानं मला लॅपटॉपवर चित्रं दाखवली. मांडीवर सूप घेतलेली बाई, सुपात तंबाखू, शेजारी धुळीत खेळणारं मूल. "हे थांबवायचं आहे," तो म्हणाला. मला तेव्हा राग आला नाही, उलट भरून आलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आज ज्या माणसाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं, तो आणि मी त्या दिवशी एकाच बाजूला बसलो होतो.

आमच्या जुन्या गल्लीतल्या समाजाच्या हॉलमध्ये बैठक झाली. पन्नासेक बायका आल्या. पुढं अक्का बसली होती. अक्का आईच्या बरोबरीची, आईची जुनी मैत्रीण. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा नवरा दारू प्यायला, सगळं आधी अक्काला कळायचं. तिनं हो म्हटलं की बाकीच्या हो म्हणणार होत्या. आमचं बोलणं तेलुगूतच व्हायचं, पण इथं तिच्या मराठीत लिहिते, कारण शेठशी ती त्याच मराठीत भांडायची.

मॅनेजर बोलला, मी सांगत गेले. शेठच्या आवारातल्या शेडमध्ये शिवणकाम, महिन्याचा पगार, डॉक्टरची तपासणी, पंखे. अट अशी की विडीचं काम पूर्ण सोडलं पाहिजे. विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये आपलं विडी कामगाराचं कार्ड जमा करायचं आणि काम स्वखुशीनं सोडल्याचं पत्र आणायचं. त्याशिवाय तिथलं सरकार मानणार नव्हतं.

अक्कानं हात वर केला. "हे किती दिवस चालनार हाय, विचार त्याला."

मी विचारलं. तो म्हणाला, "हा पायलट आहे. अठरा महिने. मग आम्ही मूल्यमापन करू आणि पुढं जायचं की नाही ते ठरवू."

पायलट म्हणजे चाचणी. जमलं तर पुढं, नाहीतर बंद. हे मला समजत नव्हतं असं नाही. मी मुलांना हेच शब्द शिकवते. पण समोर पन्नास बायका बसल्या होत्या, त्यांचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि मला वाटत होतं की हे काम व्हावं. मी म्हटलं, "आधी दीड वर्षाचा पहिला टप्पा, मग पुढचा."

अक्का म्हणाली, "म्हंजे चालूच राह्यचं की."

मी मान हलवली.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. आई डाळ निवडत होती. ती म्हणाली, "कार्ड कशाला पायजे त्यांना? बाई कामावर आली, एवढं पुरं न्हाई का?"

"अगं, त्यांच्या सरकारला दाखवायला लागतं."

"मी न्हाई दिलं असतं," एवढंच ती म्हणाली. मी तिला जुन्या वळणाची ठरवून मोकळी झाले.

चाळीस बायकांनी कार्डं जमा केली. मी स्वतः त्यांच्याबरोबर ब्रँचमध्ये गेले, पत्रं लिहून दिली, ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, नवीन कार्डं आता कुणी देत नाही, विचार केलाय ना?" मी त्याच्याकडं विडी कारखानदाराचा माणूस म्हणून पाहिलं आणि पुढचा कागद सरकवला.

पहिलं वर्ष चांगलं गेलं, खोटं कशाला सांगू. शेठच्या कारखान्यामागं नवी शेड उभी राहिली. तिकडच्या सरकारच्या पैशातून चाळीस शिलाई मशिनं आली. अक्काची बोटं विडीचं तोंड दुमडून दुमडून इतकी तयार झाली होती की टॉवेलची कड ती न बघता वळवायची. डब्याच्या सुट्टीत हसणं-खिदळणं चालायचं. पण मॅनेजर दर तीन महिन्यांनी फोटोग्राफर घेऊन यायचा आणि आला की काम थांबायचं. बायकांनी हसायचं, मान वर करायची, डॉक्टरपुढं रांगेत उभं राहायचं. पगारवाढीचं विचारलं की तो म्हणायचा, ते शेठ बघतील. शेठ म्हणायचे, ते कंपनी बघेल.

एकदा त्याला 'आधीचा' फोटो हवा होता. कंपनीत येण्याआधी बाई कशी होती, तो. ते फोटो घ्यायचे राहून गेले होते. म्हणून त्यानं शेजारच्या घरातून सूप मागवलं, तेंदूची पानं आणि तंबाखू मागवली आणि अक्काला तिच्याच ओट्यावर बसवलं.

अक्कानं सूप मांडीवर घेतलं. मधे वर्ष गेलं होतं तरी हात चालू झाले. फोटोग्राफरनं काहीतरी सांगितलं. मॅनेजर मला म्हणाला, "तिला सांग, जरा उदास दिसायला."

मी सांगितलं. पैसे मिळत होते, एवढंच.

अक्कानं हात थांबवले आणि माझ्याकडं बघितलं. "तुजी आई उदास दिसायची काय गं विड्या वळताना?"

"नाही."

"मग मी कशाला दिसू?"

मॅनेजरनं विचारलं, ती काय म्हणाली. मी म्हटलं, "ती प्रयत्न करतेय." फोटो निघाला. अक्का तेव्हा रागानं बघत होती, पण परक्याला तो राग उदासीसारखा दिसला असणार.

सतरावा महिना लागला तेव्हा शेठनी मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलवर होता. पायलट संपतोय, तो म्हणाला. माल चांगला आहे, गिऱ्हाईक मिळालंय, म्हणून कंपनीनं ठरवलंय की आता माल सरळ शेठच्या मुख्य कारखान्यातून घ्यायचा. तिथं हेच काम कमी माणसांत होतं. शेड बंद. मशिनं शेठकडं राहतील. बायकांना प्रमाणपत्र देऊ.

"त्यांनी कार्डं जमा केली आहेत," मी म्हटलं.

"त्यांच्याकडं आता कौशल्य आहे," तो म्हणाला. "त्या कुठंही काम शोधू शकतात."

अक्का साठीला आली होती. मी शेठकडं पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, मी तर सुरुवातीपासून हेच ऐकत होतो. तुम्ही बायकांना काय सांगितलंत, मला काय माहीत? मला तेलुगू येत नाही."

खुर्चीवरून उठून मी बाहेर आले. मॅनेजरच्या तोंडावर काहीतरी फेकावं असं वाटत होतं. वाईट याचं की पायलटचं त्यानं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं.

शेवटच्या आठवड्यात पैसे देणाऱ्या सरकारच्या कचेरीतून एक बाई तपासणीला आल्या. साध्या, कानात काही न घातलेल्या, वहीत सगळं टिपून घेणाऱ्या. बायकांना शेडमध्ये बसवलं. मॅनेजर माझ्या शेजारी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "थोडक्यात सांग. त्यांना वेळ कमी आहे."

त्या बाईंनी अक्काला विचारलं, "या कामानं तुमच्या आयुष्यात काय बदललं?"

अक्का उभी राहिली. "आदी माज्याकडं कार्ड हुतं. कार्डावर माजं नाव हुतं, पीएफ हुता, म्हातारपनी पेन्शन मिळनार हुती. आता एक कागद हाय, त्यावर माजा हसरा फोटो हाय. हे साहेब आमाला उचलून न्यायला आले आन् मधल्या रस्त्यात उतरवून चालले. असं ह्यांच्या देशात करतात काय? करत असतील तर ह्यांच्या सरकारला सांगा, पैसे घरातच ठेवा म्हनावं."

मी शब्दन् शब्द सांगितला. एकही मऊ केला नाही.

मॅनेजर इंग्रजीत म्हणाला, "ही जरा जास्त सांगतेय. बायकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हा पायलट आहे."

बाईंनी मला विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

शेडमध्ये चाळीस जणी माझ्याकडं बघत होत्या. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, मी काहीही सांगू शकले असते. मी म्हटलं, "नाही. यांनी सांगितलं होतं. मी बायकांना तसं सांगितलं नाही. मी सांगितलं की हा पहिला टप्पा आहे." मग हेच मी तेलुगूत बायकांना सांगितलं.

एका तरुण बाईनं डबा उचलला आणि ती निघून गेली. मागोमाग आणखी गेल्या. अक्का शेवटी उठली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "त्यानं फशिवलं असतं तर चाललं असतं. तो कोन हाय आमचा?"

पुढं तो अहवाल मी इंटरनेटवर शोधून वाचला. धोक्याच्या कामातून चाळीस स्त्रिया कायमच्या बाहेर पडल्या, असं त्यात होतं. स्थानिक उद्योजकाशी टिकाऊ भागीदारी झाली, असंही होतं. शेड बंद झाल्याचा शब्द नव्हता. त्या बाईंची वही कुठं गेली कुणास ठाऊक. अहवालाच्या पहिल्याच पानावर अक्का होती, मांडीवर सूप घेऊन.

मी बायकांना घेऊन ब्रँचमध्ये जाऊ लागले. कारकून तोच होता. "स्वखुशीनं सोडलं असं तुमच्याच अक्षरात आहे, मॅडम," तो म्हणाला. खोटं कसं म्हणू? मी युनियनच्या ऑफिसात बसले, कामगार खात्यात अर्ज दिले, क्लासच्या वेळा बदलून चकरा मारल्या. वर्षभरानं अकरा तरुण बायकांना कार्डं परत मिळाली, तीही नवीन म्हणून, आधीची वर्षं गेली ती गेलीच. पाच-सहा जणींना शेठनी मुख्य कारखान्यात घेतलं, कारण त्यांना शिकवायला लागणार नव्हतं. बाकीच्या आता दुसरीच्या कार्डावर विड्या वळतात. हात त्यांचे, नाव आणि पीएफ दुसरीचा.

अक्काचं वय झालं म्हणून तिचा अर्ज घेतलाच नाही. ती सुनेच्या कार्डावर वळते. मी माफी मागायला गेले होते. तिनं दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलायला तुला लई चांगलं येतंय. आमी बघितलंय ते." दार लावलं नाही, फक्त आत निघून गेली. मी परत आले.

आणखी एका परदेशी कंपनीसाठी मध्यंतरी शेठचा फोन आला होता. ही कंपनी डाळिंबाच्या सालीपासून काहीतरी करणार होती, तिच्याही सरकारनं पैसे दिले होते, मोहोळकडच्या शेतमजूर बायका हव्या होत्या. "तुमच्यासारखं बायकांशी कुणाला बोलता येत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही संकोच नव्हता. मी त्यांना काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या आईनं ते आतल्या खोलीतून ऐकलं.

आईचे गुडघे गेलेत. दर गुरुवारी दुपारी मी तिला स्कूटीवर बसवून अक्काकडं सोडते. अक्का बाहेर येते, आईचा हात धरून तिला पायरी चढवते. माझ्याकडं बघत नाही. मी गल्लीतच थांबते, कडुनिंबाच्या सावलीत, फोनवर मुलांच्या वह्यांचे फोटो तपासत. आतून आईच्या कात्रीचा आवाज येतो. आई आता तिला पानं कापून देते, म्हणजे अक्काच्या जरा जास्त विड्या होतात. तासाभरानं अक्का दारात येऊन गल्लीकडं तोंड करून म्हणते, "झालं हिचं." मी स्कूटी चालू करते.